बोगनव्हिल : भांडण न मिटता थांबलेलं युद्ध

बोगनव्हिलचं प्रकरण मला बाकीच्या फुटीरतावादी लढ्यांपेक्षा वेगळं वाटतं ते एकाच कारणासाठी. मूळ भांडण मिटलंच नाहीये. बेट स्वतंत्र व्हायचं की ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या पापुआ न्यू गिनी देशामध्येच राहायचं हा प्रश्न 1989 ला जिथे होता तिथेच आज आहे, आणि तरी 1997-98 ला बंदुका थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. म्हणजे तोडगा निघाला म्हणून शांतता आली असं झालं नाही, शांतता आधी आली आणि तोडग्याचा वायदा झाला, आणि तो वायदा तारखेसकट कागदावर उतरवला. आता शेवटच्या निर्णयाची तारीख जवळ आलीय म्हणून हे सगळं एकदा नीट मांडून बघतोय.

आधी जागा समजून घ्या. आपल्याकडे कुंपणावर चढते ती बोगनवेल ज्या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाची, त्याच्याच नावाचं हे बेट. आकार रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा जरासा मोठा, लोकसंख्या आज साधारण 3 लाख. नकाशात बघितलं तर हे उघड उघड सॉलोमन बेटांच्या माळेतलं बेट आहे, दक्षिणेच्या बुइनहून होडीने सॉलोमनच्या हद्दीत पोचायला फार वेळ लागत नाही, पण राजधानी पोर्ट मोर्स्बी जवळपास हजार किलोमीटर लांब. जर्मन आणि ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपापसात वाटण्या केल्या त्यात हे जर्मनांकडे गेलं, मग ऑस्ट्रेलियाकडे, मधे जपानी येऊन गेले (अ‍ॅडमिरल यामामोटोचं विमान 1943 ला अमेरिकनांनी पाडलं ते इथल्याच जंगलात), आणि शेवटी 1975 ला पापुआ न्यू गिनी देश झाला तेव्हा हेही त्यात. बेटावरच्या लोकांना ते तेव्हाही मान्य नव्हतं. देश स्वतंत्र झाला 16 सप्टेंबरला आणि यांनी 1 सप्टेंबरलाच 'रिपब्लिक ऑफ नॉर्थ सॉलोमन्स' जाहीर करून टाकलं होतं! जगात कोणी विचारलं नाही, वर्षभरात प्रांतिक सरकार देऊन समजूत घातली गेली, विषय तात्पुरता मिटला.

पण खरी काडी पडली होती त्याच्याही आधी, पांगुनाला.

डोंगरातल्या पांगुना गावाजवळ तांबं सापडलं, सोनंही. कॉन्झिंक रिओटिंटो ऑफ ऑस्ट्रेलिया या कंपनीने बोगनव्हिल कॉपर लिमिटेड काढली आणि 1972 पासून उत्पादन चालू. जगातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या खाणींपैकी एक. डोंगर होता तिथे सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. देशाच्या निर्यातीतला चाळीस टक्क्यांहून जास्त पैसा या एका खड्ड्यातून यायचा, म्हणजे नवीन देशाचा संसार ह्याच्यावरच चालला होता म्हणा ना. आणि जमीनवाल्यांना काय? रॉयल्टी होती मालाच्या किमतीच्या 1.25 टक्के, त्यातले 95 टक्के प्रांतिक सरकारला आणि उरलेले 5 टक्के जमीनवाल्यांना. हिशोब करून बघा, 100 किनाचं (किना म्हणजे तिथला रुपया) तांबं गेलं की रॉयल्टी सव्वा किना, आणि ज्याची जमीन गेली त्याच्या हातात 6 तोया, म्हणजे त्यांचे 6 पैसे. वेगळी नुकसानभरपाई, जागेचं भाडं वगैरे होतं, नाही असं नाही, पण ते वाटलं गेलं ठरावीक कुटुंबप्रमुखांच्या हातात आणि पुढची पिढी कोरडी राहिली. आपल्याकडे कुठल्याही प्रकल्पग्रस्ताला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्यात खाणीचा सगळा गाळ सोडला कावेराँग आणि जाबा नद्यांमध्ये. एक अब्ज टनांच्या वर कचरा. नदीचं पात्र भरून पसरलं, मासे गेले, शेतं गेली. खाणीवर कामाला न्यू गिनीच्या मुख्य बेटावरून हजारो माणसं आली, बोगनव्हिलचे लोक रंगाने जास्त काळे, ते या लोकांना 'रेडस्किन' म्हणायचे, तेव्हा ही ठिणगी वेगळीच.

अजून एक गोष्ट जी खूप लेखांमध्ये एका ओळीत उरकतात आणि माझ्या मते उरकू नये. बोगनव्हिलच्या बहुतेक भागात जमीन आईकडून मुलीकडे जाते. जमिनीवर शेवटचा शब्द बाईचा. कंपनी आणि सरकारचे साहेब मात्र बोलायला बसायचे पुरुषांशी. ऑगस्ट 1969 ला बंदरासाठी रोरोवाना गावची जमीन घ्यायला मोजणीवाले आले, खुंट्या ठोकल्या, तर बायकांनी त्या खुंट्या उपटायला घेतल्या, पोलिसांनी अश्रुधूर आणि लाठ्या चालवल्या. त्याचे फोटो ऑस्ट्रेलियातल्या पेपरात छापून आले आणि तिकडे बोंबाबोंब झाली, पण जमीन गेली ती गेलीच. ह्या बायका पुढे परत येणारेत गोष्टीत, लक्षात ठेवा.

1987 ला जमीनवाल्यांच्या जुन्या संघटनेतली म्हातारी मंडळी बाजूला सारून तरुणांनी नवी कार्यकारिणी केली, अध्यक्ष पर्पेच्युआ सेरेरो आणि सेक्रेटरी तिचा चुलतभाऊ फ्रान्सिस ओना. ओना खाणीतच नोकरीला होता, सर्व्हेचं काम केलेला, म्हणजे आतली माहिती असलेला माणूस. मागणी केली 10 अब्ज किनांची. एवढे पैसे म्हणजे तेव्हाच्या देशाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट, हे त्यालाही कळत असणार. सरकारने पर्यावरणाची पाहणी करायला न्यूझीलंडची एक फर्म आणली, त्यांनी सांगितलं की काही गोष्टींचा दोष खाणीवर टाकता येत नाही, ओना भर मीटिंगमधून उठून गेला आणि नोव्हेंबर 1988 ला खाणीचीच सुरुंगाची दारू पळवून खाणीला वीज नेणारे टॉवर उडवायला सुरुवात. 15 मे 1989 ला खाण बंद पडली. ती आजपर्यंत बंद आहे.

इथे सरकारने काय करायला हवं होतं ह्यावर वाद घालता येईल पण जे केलं ते सगळ्यात वाईट. आधी पोलीस पाठवले, मग सैन्य. गावं जाळली, लोकांना मारहाण. जो लढा पांगुनाच्या आसपासच्या दऱ्यांपुरता होता तो सहा महिन्यांत अख्ख्या बेटाचा झाला, कारण सैनिकाने झोपडी पेटवताना हा जमीनवाला की बिनजमीनवाला असं विचारलं नाही. ओनाच्या पोरांचं नाव झालं बोगनव्हिल रेव्होल्युशनरी आर्मी, बीआरए. त्यांचा लष्करी प्रमुख सॅम काउओना हा सरकारी सैन्यातूनच फुटून आलेला, ऑस्ट्रेलियात ट्रेनिंग झालेला अधिकारी. ऑस्ट्रेलियाने दिलेली इरोक्वॉय हेलिकॉप्टर गोळीबाराला वापरली गेली, आणि फेब्रुवारी 1990 मध्ये मारलेल्या लोकांची प्रेतं त्यातूनच समुद्रात टाकली गेली. दुसरी बाजू पण धुतल्या तांदळासारखी नव्हती हं. जॉन बिका नावाचा प्रांतिक मंत्री मधला मार्ग काढत होता, करारावर सही व्हायच्या तोंडावर सप्टेंबर 1989 ला त्याला घरात घुसून मारलं.

मार्च 1990 ला सैन्य निघून गेलं आणि मग बेटाची नाकेबंदी. ओनाने 17 मे ला स्वातंत्र्य जाहीर केलं, पण आत काही येत नव्हतं. औषधं नाहीत, पेट्रोल नाही, मीठ नाही, शाळा बंद, बँक बंद. मलेरिया आणि बाळंतपणात किती गेले ह्याची नीट मोजणी कोणी केलीच नाही. युद्धातल्या एकूण मृत्यूंचे आकडे 10 हजारांपासून 20 हजारांपर्यंत सांगतात, आणि युद्धाआधी लोकसंख्या होती दीड लाखाच्या जरा वर, त्यावरून काय ते समजा. सॉलोमनला होडीने जाऊन औषध आणायचं म्हटलं तर गस्तीच्या बोटी गोळ्या घालायच्या.

ह्या काळात लोकांनी जे जुगाड केले ते वाचून थक्क व्हायला होतं. नारळाचं तेल काढून त्यावर गाड्या चालवल्या. बंद खाणीतलं भंगार आणून ओढ्यांवर छोटी वीजकेंद्रं बसवली. दुसऱ्या महायुद्धातल्या गंजलेल्या बंदुका आणि काडतुसं जंगलातून उकरून घासूनपुसून वापरली, नाहीतर पाण्याच्या पाइपची बंदूक घरीच. पण ह्याचं फार कौतुक करायला नको, कारण त्याच काळात बेटावरची सगळ्यात वाईट गोष्ट घडत होती, बोगनव्हिलचे लोक एकमेकांना मारत होते. सैन्य गेल्यावर बीआरएच्या नावाखाली जुनी गावागावातली वैरं निघाली, लुटालूट, चेटूक केल्याचा संशय घेऊन खून. कंटाळून उत्तरेच्या बुका बेटावरच्या लोकांनी सैन्याला परत बोलावलं, आणि सरकारच्या मदतीने 'रेझिस्टन्स' नावाच्या टोळ्या उभ्या राहिल्या. एका घरातला एक भाऊ बीआरएत आणि दुसरा रेझिस्टन्समध्ये अशी स्थिती. बाहेरून बघणाऱ्याला हे बेट विरुद्ध देश असं युद्ध दिसतं, आतून ते निम्मं तरी भाऊबंदकीचं होतं, आणि शांतता कशी आली हे समजायचं तर ही गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी लागते.

1990 ते 1996 मध्ये समेटाचे प्रयत्न झाले, बरेच, आणि सगळे फसले. न्यूझीलंडच्या जहाजावर एक करार, सॉलोमनची राजधानी होनियारात एक, 1994 ला बेटावरच्याच अरावा शहरात मोठी परिषद जिथे बीआरएचे म्होरके आलेच नाहीत. त्यातून एक चांगला माणूस पुढे आला, थिओडोर मिरिउंग, वकील, न्यायाधीश म्हणूनही काम केलेला, तो बेटाच्या हंगामी सरकारचा प्रमुख झाला आणि दोन्हीकडच्यांशी बोलायला लागला. ऑक्टोबर 1996 ला जेवायला बसलेला असताना त्याला गोळ्या घातल्या. चौकशीत सरकारी सैनिक आणि रेझिस्टन्सच्या माणसांकडे बोट दाखवलं गेलं.

मग आलं सँडलाइन. पंतप्रधान सर ज्युलियस चॅन, निवडणूक डोक्यावर, सैन्य हरतंय. सप्टेंबर 1996 ला कांगू बीचवर त्यांचे बारा जण मारले गेले होते, तेही आपलेच समजलेल्या रेझिस्टन्सच्या पोरांची बीआरएला साथ असल्यामुळे. तेव्हा चॅनने जानेवारी 1997 ला लंडनच्या सँडलाइन कंपनीशी 3 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला. टिम स्पायसर नावाचा निवृत्त ब्रिटिश अधिकारी, दक्षिण आफ्रिकेचे भाडोत्री सैनिक, हेलिकॉप्टर गनशिप, सगळं साग्रसंगीत. बेत असा की पांगुना मारून घ्यायचं आणि खाण चालू. ऑस्ट्रेलियातल्या पेपरने बातमी फोडली आणि गदारोळ. पण खेळ उलटवला तो सैन्यप्रमुख जेरी सिंगिरोकने. ज्याने ह्या लोकांच्या बरोबरीने लढायचं तोच मार्चमध्ये उठला आणि 'ऑपरेशन रौसिम क्विक' करून भाडोत्र्यांना एका रात्रीत ताब्यात घेतलं, रेडिओवर जाऊन पंतप्रधानांनी राजीनामा द्यावा म्हणून सांगितलं. चॅनने त्याला बडतर्फ केलं तर सैनिक आणि लोक मिळून संसदेला वेढा घालून बसले. शेवटी चॅन बाजूला झाला आणि जूनच्या निवडणुकीत स्वतःची सीटही घालवून बसला. गंमत म्हणजे सँडलाइनने पुढे लवादात जाऊन उरलेल्या पैशांचा निकालही आपल्या बाजूने लावून घेतला, न लढलेल्या लढाईचे.

पण ह्या फजितीचा परिणाम मोठा झाला. लष्करी मार्गाने हे होणार नाही हे पोर्ट मोर्स्बीला आतून कळलं, आणि बीआरएलाही कळलं की सरकार बदलतंय, आत्ता बोललं तर ऐकतील. दोन्हीकडे दमलेली माणसं होती. ऑस्ट्रेलियावर बीआरएचा विश्वास शून्य, त्यामुळे न्यूझीलंड मधे आलं. जुलै 1997 ला ख्राइस्टचर्चजवळच्या बर्नहॅम लष्करी छावणीत बोगनव्हिलच्या लोकांना नेऊन बसवलं, आणि इथे त्यांनी जे केलं ते मला अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पहिल्या फेरीत पोर्ट मोर्स्बीच्या सरकारला टेबलावर घेतलंच नाही. बीआरएवाले, रेझिस्टन्सवाले, हंगामी सरकारवाले, आणि बायका, असे फक्त बेटावरचेच लोक एकमेकांसमोर बसले. भाऊबंदकी आधी, देशाशी भांडण मग. बायका वर्षानुवर्षं जंगलात चालत जाऊन मुलांना बंदूक टाकायला सांगत होत्या, चर्चच्या नावाखाली दोन्ही बाजूंमध्ये निरोप नेत होत्या, त्या इथे नावानिशी प्रतिनिधी म्हणून आल्या.

ऑक्टोबरला युद्धविराम झाला, जानेवारी 1998 ला लिंकन करार, 30 एप्रिलला कायमची शस्त्रसंधी. देखरेखीला जे आले ते न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी आणि वानुआटूचे लोक, आणि त्यांच्याकडे एकही बंदूक नव्हती. पिवळे टीशर्ट, गिटार, माओरी सैनिकांचं 'हाका' नावाचं युद्धनृत्य. तेव्हा बऱ्याच जणांना हा वेडेपणा वाटला होता, पण हिशोब पक्का होता, बंदूक नसलेल्या माणसाची सुरक्षा ही गावाची जबाबदारी होते, आणि त्याच्याकडे हत्यार नाही म्हटल्यावर हिसकावायलाही काही नाही.

आता करार. 30 ऑगस्ट 2001, अरावा. ह्याच्याआधी दोन अडीच वर्षं एकाच ठिकाणी गाडं अडलेलं, बोगनव्हिलला सार्वमत हवं आणि सरकार सार्वमताचं नाव काढू देईना. रस्ता निघाला तो फ्रान्सच्या ताब्यातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांच्या 1998 च्या करारावरून सुचलेला, सार्वमत द्या पण लांब ठेवा. शेवटचा धक्का दिला ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर डाउनर ह्यांनी. सरकारला सांगितलं निकाल बंधनकारक नसेल, शेवटचा शब्द तुमच्या संसदेचा. बोगनव्हिलला सांगितलं की इंडोनेशियातून बाहेर पडलेल्या पूर्व तिमोरचंही मतदान कायद्याने बंधनकारक नव्हतं, पण लोकांनी एवढं स्पष्ट सांगितल्यावर जगाने मागे फिरू दिलं का? दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. बेटाला स्वायत्त सरकार द्यायचं आणि सार्वमत त्या सरकारच्या पहिल्या निवडणुकीनंतर 10 ते 15 वर्षांत घ्यायचं असं ठरलं.

नुसता वायदा असता तर कोणी बंदूक टाकली नसती. खरी कारागिरी आहे ती साखळीत. बंदुका आधी गावच्या कमांडरकडे पेट्यांत जमा. मग त्या मोठ्या कंटेनरमध्ये, कंटेनरला दोन कुलुपं, एक किल्ली कमांडरकडे, एक संयुक्त राष्ट्रांच्या माणसाकडे, एकट्याला उघडता येणार नाही. संसदेने स्वायत्तता आणि सार्वमताची घटनादुरुस्ती 2002 ला मंजूर करून ठेवली पण ती लागू कधी होणार, तर संयुक्त राष्ट्रांनी ह्या दुसऱ्या टप्प्याचं सर्टिफिकेट दिल्यावर. ते मिळालं 2003 ला, घटनादुरुस्ती लागू झाली. मग तिसरा टप्पा, नाश. दोन हजारांच्या आसपास हत्यारं. सरकारने शब्द फिरवला तर बंदुका अजून आहेत आणि बीआरएने फिरवला तर कायदाच लागू नाही, अशी दोघांनी एकमेकांची शेंडी धरलेली. विश्वास ठेवा असं कोणी कोणाला सांगत नव्हतं. आणि ह्याच्या जोडीला गावोगाव त्यांच्या पद्धतीने समेट चालू होते, ज्यांनी मारलं आणि ज्यांचं माणूस गेलं ते समोरासमोर, भाले मोडून पुरायचे, डुकरं, शिंपल्यांच्या माळा, एकत्र सुपारी चघळायची. वर्षंच्या वर्षं. कित्येक अजून बाकी आहेत.

ओना ह्यातल्या कशातच आला नाही. पांगुनाभोवती नाका लावून 'मेकामुई' म्हणून आपला भाग धरून बसला, शेवटी तर एका पॉन्झी स्कीमवाल्याच्या नादी लागून स्वतःला राजा म्हणवून घेतलं. मेकामुईच्या बंदुका कंटेनरमध्ये कधी गेल्याच नाहीत. करारात हे भोक होतंच. पण जोसेफ काबुईसारखे त्याचेच जुने साथीदार शांततेच्या बाजूला आल्यामुळे तो एकटा पडला. 2005 ला काबुई स्वायत्त सरकारचा पहिला अध्यक्ष झाला, ओना त्याच वर्षी जुलैला गेला.

वायद्याप्रमाणे मतदान झालं नोव्हेंबर-डिसेंबर 2019 ला, म्हणजे मुदत संपायला सहा महिने असताना. मतपत्रिकेवर दोन चौकोन, एक जास्त स्वायत्ततेचा, दुसरा स्वातंत्र्याचा. आयोगाचे अध्यक्ष आयर्लंडचे माजी पंतप्रधान बर्टी अहर्न. स्वातंत्र्याला 1,76,928 मतं, स्वायत्ततेला 3,043. मतदान 87 टक्क्यांवर. सरकारच्या बाजूने 2001 ला एक हिशोब असणार की पंधरा वर्षं चांगला कारभार आणि विकास दिला तर लोक विसरतील. पैसे नीट दिले नाहीत, रस्ते झाले नाहीत, आणि लोक अजिबात विसरले नाहीत.

पुढच्या वर्षी अध्यक्ष झाला इश्माएल तोरोआमा, बीआरएचा जुना कमांडर. एप्रिल 2022 ला एरा कोने इथे दोन्ही सरकारांनी लिहून घेतलं की राजकीय निर्णय 2025 च्या आधी नाही आणि 2027 च्या नंतर नाही. इथपर्यंत ठीक. पण 'बंधनकारक नाही' हे दोन शब्द आता दाताखाली येतायत. पोर्ट मोर्स्बी म्हणतं संसदेत मंजुरी हवी आणि त्याला मोठं बहुमत लागेल, बोगनव्हिल म्हणतं साधं बहुमत पुरे, आणि मंजुरी म्हणजे तुम्ही परत मत द्यायचं नाही, आमचं मत नोंदवून घ्यायचं. पंतप्रधान जेम्स मरापेची अडचण मला समजते, देशात आठशेच्या वर भाषा आहेत, एकाला सोडलं की बाकीचे प्रांत रांगेत उभे राहतील ही भीती खोटी नाही. पण मग सार्वमताला सही का केली होती हा प्रश्न उरतोच. जून 2025 ला सगळे पुन्हा बर्नहॅमला जाऊन बसले, मंजुरी संसदेत कशी मांडायची ह्यावर एक करार झाला. तोरोआमा सप्टेंबरमध्ये परत निवडून आला, त्याने तारीख सांगितलीय 1 सप्टेंबर 2027.

आणि पैसा? तोच खड्डा. पांगुनात अजून 50 लाख टनांहून जास्त तांबं आहे म्हणतात. खाण काढणाऱ्या त्या कंपनीचं पुढचं रूप म्हणजे रिओ टिंटो, तिने 2016 ला आपले शेअर बोगनव्हिल आणि पापुआ न्यू गिनीच्या सरकारांना फुकट देऊन अंग काढून घेतलं, साफसफाईचं नाव नाही, पुढे गावकऱ्यांनी मानवाधिकारवाल्यांना घेऊन तक्रार केली तेव्हा कुठे नुकसानीची पाहणी झाली आणि 2024 च्या शेवटी अहवाल आला. जाबा नदीकाठच्या बायका अजून गाळातून वाट काढत पाणी आणतायत, आणि तोरोआमाचं सरकार म्हणतं स्वतंत्र देश चालवायचा तर खाण उघडावी लागेल. जमीनवाल्यांत ह्यावर एकमत नाहीये. ह्यावेळी बोलणी करायला आधी कोणासमोर बसायचं, पुरुषांसमोर की जमीन जिच्या नावाने चालते तिच्यासमोर, हे 1969 पेक्षा वेगळं होतंय का तेवढं मी बघतोय.